टंचाईमुळे आपले कॅमेरामन थोर झाले, हे पालुपद आता पुरे करूया का?

तिरपा_उजेड

सिनेमाच्या छायाचित्रणावर गप्पा रंगल्या की आपल्याकडे तीन गोष्टी हमखास निघतात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला. सुब्रत मित्रांनी 'अपराजितो'साठी (१९५६) कापड ताणून उजेड पाडला. व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल'मध्ये (१९५९) आरशांवरून ऊन स्टुडिओत आणलं. आणि तिन्हींचं तात्पर्य एकच: हाताशी काही नव्हतं, म्हणून डोकं चाललं. मला हे तात्पर्यच पटत नाही.

मूर्तींचं घ्या. 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट. काटकसरीत काढलेला सिनेमा नव्हे तो. पण स्टुडिओतला दिवा जवळ असतो, त्याचे किरण फाकत जातात. सूर्य इतका लांब की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो सरळसोट झोत हवा होता, म्हणून बाहेर एक मोठा आरसा, त्यावरून ऊन आतल्या दुसऱ्या आरशावर आणि तिथून खाली. यात पैसे वाचवण्याचा प्रश्न कुठे आला?

सुब्रत मित्रांचंही तसंच. बनारसच्या घरातलं अंगण पावसाच्या धास्तीने कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं. मित्र त्यावरून सत्यजित राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त या दोघांशी भांडले. त्यांचं म्हणणं, आभाळातून अंगणात झिरपणारा बिनसावलीचा उजेड स्टुडिओत आणता येणार नाही. सेट तरीही आतच उभा राहिला. मग त्यांनी वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतलेल्या उजेडात चित्रीकरण केलं. या पद्धतीत निम्म्याहून जास्त उजेड फुकट जातो. दिव्यांची चणचण असलेला माणूस हे करेल का?

खरा इतिहास फिल्मच्या वेगाचा आहे. वेग म्हणजे फिल्मला किती कमी उजेड पुरतो ते; तो एएसएच्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो. ईस्टमनची १९५० ची रंगीत निगेटिव्ह १६ एएसएची होती. १९६८ मध्ये १०० ची आली, ऐंशीचं दशक संपता संपता ५०० ची. म्हणजे तेवढ्याच दृश्याला तिसाव्या हिश्श्याचा उजेड पुरू लागला. रंगीत सिनेमात खिडकीतून आल्यासारखा मऊ उजेड दिसायला लागला तो यामुळे. तो कारखान्यातून आला, हालअपेष्टांतून नाही.

करवीरकर

साहेब, मूर्ती आणि मित्रांबद्दल विस्ताराने लिहिलंत आणि पेंटरांना एका वाक्यात उरकलंत. सोयीचं आहे म्हणा!

कॅमेरा सहज विकत मिळाला असता तर पेंटरांनी तो बनवायला घेतला असता का? आधी मावसभाऊ आनंदराव सोबत होते, ते १९१६ मध्ये गेले. पुढे दामल्यांच्या मदतीने तो १९१८ मध्ये पुरा झाला. 'सैरंध्री' (१९२०) त्याच्यावरच निघाला. त्यानंतर टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, ते काय उगाच? मुख्य म्हणजे त्या खटाटोपातून यंत्राचा स्क्रू न् स्क्रू माहीत असलेली माणसं तयार झाली. दामले, फत्तेलाल तिथलेच. पुढे त्यांनीच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी केली. विकतचा कॅमेरा आला असता तर तो चालवणारे मिळाले असते, एवढंच.

फाळक्यांकडेही १९१२ मध्ये लंडनहून आणलेला कॅमेरा होता. पण कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं काम घरात, अंधारात, सरस्वतीबाई करत होत्या. फिल्म अशी हाताखालून गेली की तिची किंमत कळते. ते शिक्षण तुमच्या ५०० एएसएच्या डब्यात येत नाही.

जुनी_रिळं

करवीरकर, पेंटरांबद्दल आदर आहेच. पण एक विचारते, त्या कॅमेऱ्यातून चित्र कसं यायचं, हे आपल्यापैकी कुणी पाहिलंय? १९२० चा 'सैरंध्री' आज उपलब्धच नाही. आपण चित्र न बघता यंत्राच्या गोष्टीचे पोवाडे गातोय.

आणि ती गोष्ट तरी पुरी सांगा. भारतात १,३०० च्या आसपास मूकपट निघाले. त्यातले तुकड्यांसकट जेमतेम तीस उरलेत. काही आगीत गेले, काही सडले, काही रिळं तर त्यातली चांदी काढायला विकली गेली. टंचाईने काय दिलं ते मोजताना काय खाल्लं तेही मांडा. टिकलेलं कौतुकाने दाखवायचं आणि हरवलेलं धरायचंच नाही, असा हिशेब वाण्याच्या वहीतसुद्धा चालत नाही.

रंगाचंही तेच. 'प्रभात'ने १९३३ मध्ये 'सैरंध्री' पुन्हा केला, रंगीत. प्रक्रियेची सोय इथे नव्हती म्हणून फिल्म जर्मनीला धाडली, तरीही रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रयोगशाळा पुण्यात असती तर चुका पुण्यातच सुधारल्या असत्या. मग 'संत तुकाराम' (१९३६) कृष्णधवल राहिला. तो सुंदरच आहे, पण त्याचं श्रेय रंगाच्या अभावाला द्यायचं का?

नाममात्र_शुल्क

थोडी उलटी बाजू. सोहराब मोदींनी 'झाँसी की रानी'साठी (१९५३) टेक्निकलर हे रंगीत चित्रीकरणाचं तंत्र आणलं आणि हॉलिवूडहून अर्नेस्ट हॅलरना बोलावलं. 'गॉन विथ द विंड'च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालेला माणूस! सामग्री, माणूस, पैसा, सगळं होतं. सिनेमा आपटला. आज त्यातली एखादी फ्रेम कुणाला आठवते?

उलट 'भुवन शोम' (१९६९) बघा. सरकारी कर्जातला तुटपुंजा पैसा, कृष्णधवल फिल्म, सौराष्ट्रातली वाळू, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकतेच बाहेर पडलेले कॅमेरामन के. के. महाजन. त्या वाळूतला उजेड अजून डोळ्यांसमोर आहे. धागाकर्त्यांचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो.

तिरपा_उजेड

नाही पडत. 'झाँसी' आपटला तो तिकीटखिडकीवर. त्याचा दोष कॅमेऱ्याच्या माथी का? आणि महाजनांकडे काय नव्हतं ते सांगितलंत, काय होतं तेही सांगा की: सरकारने चालवलेल्या संस्थेतलं रीतसर शिक्षण. पेंटरांच्या काळात असं काहीच नव्हतं. ती संस्था 'प्रभात'च्याच आवारात आहे, ही करवीरकरांसाठी भेट.

थर्माकोल_दादा

मी पुस्तकं वाचून बोलत नाही, लाईटच्या खात्यात वर्षं काढलीत. तुमची भांडणं वाचून मजा वाटली.

स्वस्तातला उजेड म्हणजे काय ते सांगतो. आउटडोअरला जनरेटर परवडत नाही, म्हणून चंदेरी कागद लावलेले रिफ्लेक्टर. उन्हात चार पोरं ते धरून उभी. उजेड थेट हिरॉईनच्या डोळ्यांत. ती बिचारी डोळे बारीक करून प्रेमाचे संवाद म्हणणार. जुने मराठी सिनेमे काढून बघा, निम्मे हिरो उन्हाला वैतागलेले दिसतील. इनडोअरला वेळ नाही, तर मारा दोन दिवे समोरून, भिंतीवर एका माणसाच्या दोन सावल्या. हीपण टंचाईचीच देणगी, पण हिच्यावर लेख कुणी लिहीत नाही.

पण तिरपा साहेब, तुमचंही सगळं खरं नाही. सेटवर अजून थर्माकोल लागतो. लाखांचे दिवे, आणि नटाच्या गालावरचा उजेड थर्माकोलच्या पांढऱ्या शीटवरून. परदेशी बाउन्स बोर्ड भाड्याने मिळतात की, तरी कॅमेरामन थर्माकोल मागतो. पाहिजे तसा तोडता येतो, कुठेही टेकवता येतो. अडचणीतून आलेली वस्तू चांगली निघाली तर अडचण संपल्यावरही राहते.

करवीरकर

दादा, हेच तर मी म्हणतोय!

थर्माकोल_दादा

तुम्ही अर्धंच म्हणताय. थर्माकोल राहिला, चंदेरी रिफ्लेक्टर हळूहळू मागे पडला. तो जावा म्हणून आधी पैसा यावा लागला.

जुनी_रिळं

डिजिटलबद्दल कुणीच बोललं नाही. 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) बराचसा मुंबईत छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर झाला. अँथनी डॉड मँटलनी ते कॅमेरे धारावीच्या बोळांतून पळवले आणि छायाचित्रणाचं ऑस्कर नेलं. मोठा फिल्म कॅमेरा तिथे शिरलाच नसता. ही टंचाई म्हणायची की सुबत्ता? यंत्र लहान, पण त्यामागचं संशोधन महागडं.

नाममात्र_शुल्क

आणि फिल्म महाग होती तेव्हा कॅमेरा सुरू करण्याआधी तालमी व्हायच्या. आता कार्ड भरेपर्यंत टेक घेतात. त्याचं काय?

तिरपा_उजेड

तालीम करायला कार्ड कुणाला अडवतं? ते प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे मला करवीरकरांकडून एकच उत्तर हवंय: पेंटरांना १९१८ मध्ये एखादा चांगला फ्रेंच कॅमेरा आयता मिळाला असता, तर 'सैरंध्री' वाईट निघाला असता का?

करवीरकर

'सैरंध्री' कदाचित बराच निघाला असता. 'प्रभात' निघाली असती का, ते तुम्ही सांगा.