विषय: यंदाचा हिवाळा व्हॅनमध्ये काढायचा आहे (कॅलगरी, कॅनडा)

ऑक्टोबर, मराठी मंडळाच्या कार्यकारिणीकडून

नमस्कार मंडळी,
एका मुलाची मेल त्याच्या विनंतीवरून नाव न देता पुढे पाठवते आहे. ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी कृपया लिहावं.

"मी सांगली जिल्ह्यातला. शिकायला आलो होतो, आता गोदामात कामाला आहे. राहती खोली महिनाअखेर सोडावी लागणार आहे. वाढलेलं भाडं आणि गावाकडचा कर्जाचा हप्ता, दोन्ही एका पगारात बसत नाहीत. माझ्याकडे एक जुनी कार्गो व्हॅन आहे. मार्चपर्यंत तिच्यातच राहीन म्हणतो. आत प्रोपेनचा छोटा हीटर आणि चांगली स्लीपिंग बॅग असली तर उणे तीसमध्ये निभेल का? घरी कुणी कळवू नये ही हात जोडून विनंती."

---

बाळा,
नको रे. मी इथे तीस वर्षं आहे. चिनूक हा इथला गरम वारा सुटला की दुपारी नुसत्या शर्टावर फिरता येतं आणि माणूस गाफील राहतो. दोन दिवसांनी तोच पारा उणे पंचवीसच्या खाली जातो. अशा गोष्टीला मंडळाने सल्ले देऊन उत्तेजन देऊ नये असं मला मनापासून वाटतं. २११ या नंबरवर फोन कर, राहण्याची सोय कुठे होऊ शकते ते सांगतात. मीही ओळखीत बेसमेंट बघतो. पैशांचं नंतर बघू.
— टस्कनीचे (कॅलगरीतल्या वस्तीतले) काका

---

काकांचं बरोबर आहे. खोली मिळाली तर खोलीच घे. पण ती मिळेपर्यंतच्या रात्री तुला कुठेतरी काढायच्याच आहेत, म्हणून लिहितो. २०२२-२३ आणि २०२३-२४ असे लागोपाठ दोन हिवाळे मी याच शहरात व्हॅनमध्ये काढले. गणपतीत कुणी विचारलं की "बेसमेंटमध्ये राहतो" म्हणून वेळ मारून न्यायचो. मंडळात हे आज पहिल्यांदा सांगतोय.

तो प्रोपेनचा हीटर घेऊ नकोस. ज्याचा धूर आतच राहतो तो हीटर लावून झोपायचं नाही म्हणजे नाही. त्यातल्या विषाबद्दल आपल्या नर्स काकू सांगतील, मी पाण्याबद्दल सांगतो. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, आणि ते सगळं वाफ होऊन गाडीतच राहतं. वर आपला रात्रभराचा श्वास. थंडीला सगळेच घाबरतात, पण व्हॅनमध्ये माणसाला खरी टेकीला आणते ती ओल.

पहिल्या नोव्हेंबरात मी आत कुकर लावायचो. वरणभाताच्या तीन शिट्ट्या झाल्या की गाडी उबदार व्हायची, घरच्यासारखा वास सुटायचा, फार बरं वाटायचं. सकाळी मागच्या दाराच्या रबरावर बोटभर बर्फ. छताच्या उघड्या लोखंडी पट्टीवर थेंब गोठून मण्यांसारखे ओळीने बसलेले. दुपारी उन्हाने पत्रा तापला की ते सगळे मणी गादीवर ठिबकायचे. तीन आठवड्यांत गादीला खालून काळी बुरशी धरली आणि मला जो खोकला लागला तो फेब्रुवारीपर्यंत हटला नाही. मग कुकर बंद केला. रविवारी मित्राकडे भाजी-पोळ्या करून डबे भरायचो आणि कामावरच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचो. गादीखाली फटी ठेवून लाकडी पट्ट्या टाकल्या. आणि छताचा झरोका दोन बोटं उघडा, उणे तीसलासुद्धा. ऊब बाहेर जाते म्हणून जीव तुटतो, तरी उघडाच ठेव.

हीटर घ्यायचा तर डिझेलवर चालणारा. तो जळणासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो आणि आत फक्त कोरडी गरम हवा येते. तुझ्या गाडीला दोन किलोवॉटचा पुरेल, रात्रीला दीड-दोन लिटर डिझेल लागतं. बसवताना धुराची नळी गाडीच्या तळाच्या पूर्ण बाहेर काढायची आणि जोड जाणकाराकडून तपासून घ्यायचे. यात पैसे वाचवायचे नाहीत.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. हीटरची टाकी मी सप्टेंबरमध्ये भरून ठेवली होती. उन्हाळ्यातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. उणे सत्तावीसच्या पहिल्या रात्री दोन वाजता हीटर बंद पडला. टॉर्च मारून बघितलं तर फिल्टरमध्ये डालड्यासारखा पांढरा गोळा. होते नव्हते तेवढे कपडे चढवले आणि चोवीस तास उघड्या असलेल्या कॉफीच्या दुकानात उजाडेपर्यंत बसून राहिलो. पंपावर हिवाळ्याचं डिझेल येतं, तेच भर आणि जुनं आधी काढून टाक.

हीटर डिझेलचा असला तरी पंख्याला आणि पेटवायला वीज लागते. लिथियमची बॅटरी घेतलीस तर ती आत, उबेत ठेव. शून्याच्या खाली चार्ज केली की ती कायमची खराब होते.

पांघरायला गावाकडून कुणी येणार असेल तर घोंगडी मागव. दमट झाली तरी लोकरीची ऊब टिकते, सुती गोधडी ओली झाली की अंगाला गार लागते. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेव. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे निदान झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. रात्री लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली वेगळी ठेव, यात लाजायचं काही नाही.

गाडी एका जागी ७२ तासांच्या वर ठेवता येत नाही. निळ्या पाटीवर पांढरं हिमकण दिसलं तर तो बर्फ काढायचा रस्ता, तिथे बंदी लागली की गाडी हलवावीच लागते. सुटीच्या दिवशी मी सेंट्रल लायब्ररीत बसायचो. आंघोळीला महापालिकेच्या लेझर सेंटरचा, म्हणजे पोहण्या-व्यायामाच्या केंद्राचा पास होता.

आणि रोज रात्री एका माणसाला कळवायचं की गाडी कुठे लावली आहे. १३ जानेवारी २०२४ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कडाक्याची थंडी होती आणि वीज कमी वापरा असा इशारा सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजला. मी कुठे आहे हे त्या रात्री जगात कुणालाही माहीत नव्हतं. मला थंडीपेक्षा त्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मित्राला सगळं खरं सांगितलं. तू मला कळवत जा. नंबर कार्यकारिणीकडे देतो.
— बेल्टलाइनमधला सभासद

---

माझ्या राजा,
मी नर्स आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं सर्दीताप आलाय, पडून राहावं. तेच पडणं शेवटचं ठरतं. रक्तातला ऑक्सिजन ज्याला चिकटतो त्या हिमोग्लोबिनला हा वायू दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड वाटलं की आधी दार उघडून बाहेर यायचं, मग ९११. इंजिन चालू ठेवून झोपू नकोस. सायलेन्सरभोवती बर्फ साचला की धूर आत येतो.

या वायूचा अलार्म घे, पण घरातला चालणार नाही. साध्या अलार्मची हमी साधारण ४ अंशांच्या वरच असते. आर.व्ही.साठीचा (राहण्याच्या गाडीसाठीचा) म्हणून लिहिलेला घे आणि उशीच्या जवळ, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीवर लाव. मी एक मागवला आहे, येऊन घेऊन जा.

आमच्या ड्राइव्हवेवर गाडी लाव. बाहेर प्लग आहे, इंजिन उबेत ठेवणारा ब्लॉक हीटर जोडता येईल. मागच्या दाराची किल्ली देते. बाथरूम खाली आहे, आणि कुकर माझ्या ओट्यावर लावायचा.
— सॅडल रिजच्या काकू

---

जानेवारी

काकू, काका, दादा,
गेले तीन दिवस उणे तीस होतं. झरोका दोन बोटं उघडा होता. मागच्या रबरावर बर्फ धरला, पण कागदाइतका पातळ. गादी कोरडी आहे, रोज सकाळी हात घालून बघतो. दादांना रोज रात्री मेसेज करतो. परवा झोप लागली आणि विसरलो, तर साडेअकराला त्यांनी खिडकीवर टकटक केली.

काकांनी दाखवलेलं बेसमेंट १ फेब्रुवारीपासून मिळतंय. काल आईला व्हिडिओवर गाडी आतून दाखवली. ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, घोंगडी पायाकडूनही दुमडून घे.