गाठ, ग्रंथी की आणखी काही? (सोयाबीनच्या मुळांवरची)

पानगळ :
एका संस्थेसाठी सोयाबीनवरची आठ पानी पुस्तिका मराठीत करते आहे. चार दिवस एकाच वाक्यापाशी अडकले आहे. आशय एवढाच, की मुळांवरच्या ज्या बारीक गोळ्यांत जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, त्या पावसाने ओढ दिली की कामातून जातात. मी लिहिलं, 'दुष्काळामुळे मूलग्रंथी मृत पावतात.' संस्थेने मसुदा चार शेतकऱ्यांना वाचायला दिला. एकाने विचारलं, "ग्रंथी म्हणजे थायरॉइडची का?" म्हणून 'गाठी' केलं. तर दुसऱ्यांचा फोन आला, "ताई, गाठी मरत्यात तर बरंच हाय की. लवकर मारायला कोणतं औषध, ते पण लिहा."
त्यांच्या डोळ्यांपुढे सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या बारीक किड्यांच्या) गाठी होत्या! तेव्हा या चांगल्या गाठींना काय म्हणायचं? आणि 'मृत पावतात' ऐवजी काय?

वखरपाळी :
त्या माणसाचं काही चुकलं नाही ताई. आमच्याकडं गाठ म्हटलं की रोगच. डाळिंबाच्या मुळाला गाठी, लम्पीत जनावराच्या अंगावर गाठी. चांगली गाठ एकच, लग्नाची. (तीही सगळ्यांची नाही.) सोयाबीन उपटून बघताना आमचे वडील 'मुळाला दाणे धरलेत' म्हणायचे. मला तेच बरं वाटतं.

शुद्धमती :
'दाणे' लिहिलंत तर शेंगेतल्या दाण्याला काय म्हणाल? परिभाषा बोलीवर सोडली की असं होतं. 'मूलग्रंथिका' हा नेमका शब्द आहे. 'ग्रंथी' म्हणजे पाझरणारी, 'ग्रंथिका' म्हणजे लहान गाठ. लोकांना शब्द माहीत नसेल तर एकदा समजावून द्यावा. या जिवाणूंचं नाव 'रायझोबियम' शिकले, ते 'ग्रंथिका' शिकणार नाहीत?

वखरपाळी :
रायझोबियम शिकले कारण ते पाकिटावर छापलेलं असतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात. ग्रंथिकेचं पाकीट मिळत नाही.

निवृत्त_जिवाणू :
शब्दाआधी वस्तू बघू. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटी होत नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने अलगद निघते. निघाली की कापून बघा. आत गुलाबी किंवा लालसर असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्याचाच भाऊबंद. हिरवट-तपकिरी झाली असेल तर संपली. आणि पहिल्यापासून पांढरीच असेल तर तिच्यात जिवाणू आहेत, पण कुचकामी.
आता 'मृत पावतात' बद्दल. ते शास्त्रानेही चूक आहे. सोयाबीनमध्ये पान कोमेजायच्या आधीच नत्र बांधणं मंदावतं. जमीन वाळू लागली की गाठीत साखर मोडण्याचं काम ढिलं पडतं, बाहेरचा थर आवळला जातो आणि आत जाणारा प्राणवायू कमी होतो. शिवाय सोयाबीन नि चवळी बांधलेलं नत्र युराइड नावाच्या संयुगांच्या रूपात पानांकडे पाठवतात. तिथे ते तुंबलं की गाठींचं काम आणखी आखडतं. सिंक्लेअर आणि सेराज या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं, की अशी युराइडवाली पिकं कोरड्या जमिनीला जास्त हळवी असतात. म्हणजे पहिल्या टप्प्यात गाठी जिवंत असतात, फक्त थांबलेल्या. पाऊस वेळेवर आला तर बऱ्याच परत चालू होतात. खंड लांबला की गुलाबी रंग जातो. मग ती गाठ परतत नाही, धरल्या तर नव्याच धराव्या लागतात.

पानगळ :
सर, हे फार कामाचं आहे. म्हणजे मला एक नाही, दोन क्रियापदं हवीत. थांबण्याचं एक आणि संपण्याचं एक.

ओटीवरचा :
'आटतात' घ्या की! गाय आटते तेव्हा मरत नाही, दूध थांबतं. आणि ज्या पहिल्यापासून पांढऱ्या, त्या 'भाकड गाठी'. परिभाषा तयार झाली.

वखरपाळी :
भाकड गाठी एक नंबर! पण आटलेली गाय वैरण-पाणी घालून दूध देत नाही भाऊ, ती परत व्यायला लागते. इथं तर त्याच गाठी पावसानं चालू होतात म्हणतात सर. कोकणात गुरं राहिली नाहीत वाटतं.

ओटीवरचा :
विहीरही आटते. ती वीत नाही.

शुद्धमती :
विनोद छान. पुस्तिकेत 'भाकड ग्रंथिका' छापून दाखवा.

संत्रानगरी :
मले मूळ वाक्यातला 'दुष्काळ' खटकला. दुष्काळ हा गावाले पडते, झाडाले नाही. झाडाले ताण पडते. त्यातही ताण 'देणे' वेगळं न् 'पडणे' वेगळं. आम्ही संत्र्याले बहारासाठी मुद्दाम ताण देतो. पाणी तोडतो, पानं मलूल होऊ देतो, मग ताण तोडतो, अन् झाड फुलते. तिथं ताण चांगला. पुस्तिकेत नुसतं 'ताणामुळे' लिहिलं तर आमच्या भागात कोणी म्हणेल, द्या मंग सोयाबीनलेही थोडा ताण.

पानगळ :
अरे देवा. 'ताण' तर मी पान ४ वर सात वेळा वापरलाय.

शुद्धमती :
'ताण' हा इंग्रजीतून उतरवलेला अर्थ आहे. 'अवर्षण' लिहा.

संत्रानगरी :
माझे आजोबा इंग्रजी शिकले नव्हते ताई. ताण सोडत होते.

उंबरठा :
'दुष्काळ' लिहायचा की नाही याचा घोळ आपल्या शासनानेही घालून ठेवलाय. आधी 'टंचाई', मग 'टंचाईसदृश', मग २०१८ साली 'दुष्काळसदृश', आणि त्यानंतर १५१ तालुक्यांत खराखुरा दुष्काळ. झाडाने कोणत्या परिपत्रकाची वाट बघायची? शेतकऱ्याचा खरा शब्द 'खंड'. ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. तेव्हा आमच्या गावात कोणी 'अवर्षण' म्हणालं नाही, 'ताण' पण नाही. "खंड किती दिवसाचा झाला?" एवढंच. पीकविम्यामुळे दिवस मोजायची सवयही लागली.

वखरपाळी :
बरोबर. 'खंड पडला'. नाहीतर 'उघडीप', पण उघडीप चारदोन दिवसांची, ती हवीच असते कोळपायला, फवारायला. त्या सालचं माझं सोयाबीन फुलात असताना वाळलं. पुढं हरभरा टाकला, तोही नेहमीसारखा आला नाही. बेवड लागलाच नाही त्या वर्षी.

पानगळ :
बेवड?

वखरपाळी :
मागच्या पिकानं रानाला दिलेलं. सोयाबीनचा बेवड, तुरीचा बेवड. त्यावर पुढचं पीक चांगलं येतं.

निवृत्त_जिवाणू :
पानगळताई, हा शब्द पुस्तिकेत आलाच पाहिजे. गाठींतले जिवाणू बायेरिंक या शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले १८८८ मध्ये. कडधान्यानंतर रान सुधारतं हे आपल्या माणसांना त्यासाठी थांबावं लागलं नव्हतं. मात्र एक दुरुस्ती. सोयाबीनचं बरंचसं नत्र दाण्यातून घरी किंवा अडत्याकडे जातं. रानाला उरतं ते पाला आणि मुळांतलं. तुमच्या हरभऱ्याला नत्रापेक्षा ओल कमी पडली असावी.

वखरपाळी :
ओल नव्हतीच म्हणा. तरी बेवड बेवडच असतो.

उंबरठा :
'बेवड' चं मूळ काय? 'बे' म्हणजे दोन, दुसऱ्या पिकाशी संबंध? दोनदा गाळलेल्या दारूला 'बेवडा' म्हणायचे, त्यावरून पिणाराही बेवडा झाला, असं ऐकलंय.

ओटीवरचा :
म्हणजे हरभरा हा सोयाबीनचा बेवडा.

शुद्धमती :
'बे' ची ओढाताण नको. 'बी' शी संबंध असणार, 'बिवड' असंही म्हणतात. आणि शब्द नपुंसकलिंगी आहे. 'ते बेवड', 'चांगले बेवड'. कृषी विभागाच्या लेखांत तसंच असतं.

वखरपाळी :
लेखात असेल. रानात 'तो बेवड'.

संत्रानगरी :
आमच्याकडे हा शब्दच नाही ऐकला मी. 'फेरपालट' म्हणतात. म्हणजे पुस्तिका मराठवाड्यापुरतीच काय?

शुद्धमती :
म्हणूनच तर परिभाषा लागते!

पानगळ :
मंडळी, फाइल उद्या छापायला जाते आहे. आत्तापुरतं असं केलंय : 'पावसाचा खंड पडला की मुळांवरच्या नत्राच्या गाठी काम थांबवतात. खंड लांबला तर आतला गुलाबी रंग जातो आणि त्या गाठी पुन्हा चालू होत नाहीत.' शेजारी चौकटीत नखाने काढून, कापून बघायची खूण. 'या गाठी रोगाच्या नव्हेत, औषध मारू नये' हे ठळक अक्षरांत. 'नत्राच्या गाठी' मला अजून पटलेलं नाही. कोणाला रात्री अकरापर्यंत काही सुचलं तर सांगा.

शुद्धमती :
'काम थांबवतात' काय? गाठी संपावर गेल्या का? आणि 'नत्र स्थिरीकरण' कुठेच नाही?

उंबरठा :
स्थिरीकरण कांद्याच्या भावाचं करतात, तेही होत नाही.

वखरपाळी :
ताई, खुणेचं चित्र मोठं टाका. शब्द कोणता पण चालंल.

निवृत्त_जिवाणू :
चौकटीत एवढं घाला, की एका झाडावरून ठरवू नये. पाच-सहा झाडं बघावीत, आणि ती उपटू नयेत. ओढून काढलं की निम्म्या गाठी मातीतच राहतात. खुरप्याने मातीसकट काढून पाण्यात बुडवावीत.

पानगळ :
घातलं. पण चौकटीतही 'गाठी'च म्हणू ना?

शुद्धमती :
ग्रंथिका.

वखरपाळी :
दाणे. आणि 'तो' बेवड.