चॉकलेटच्या वडीवर पांढरे पट्टे का येतात? (सहावीचं विज्ञान प्रदर्शन)

दादर_पूर्व: आमच्या शाळेत मुलं 'कोकोच्या बीपासून वडीपर्यंत' असा तक्ता आणि सोबत प्रात्यक्षिक करणार आहेत. क्रॉफर्ड मार्केटमधून डार्क चॉकलेटची लादी आणली आहे. वितळवून साच्यात ओतलं की वडी मऊ पडते, चमक नाही, वर पांढरे पट्टे. कॉम्पाउंडचं असं होत नाही म्हणतात, ते का? आणि इतिहासातलं काय घ्यावं?

साखरखाऊ: वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. कोको बटर असेल तर खरं चॉकलेट, त्याऐवजी वनस्पती चरबी असेल तर कॉम्पाउंड. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातल्या पाचव्या प्रकारातच वडी चमकते आणि कटकन मोडते. नुसतं वितळवून ओतलं तर भलतेच प्रकार तयार होतात, वडी मऊ राहते आणि चरबी वर येऊन पांढरे पट्टे दिसतात. कॉम्पाउंडच्या चरबीला ही कटकट नाही.

उपाय: दोन तृतीयांश लादी गरम पाण्यावरच्या भांड्यात 45 अंशांपर्यंत वितळवा, भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये. खाली उतरवून उरलेली एक तृतीयांश बारीक चिरून थोडी थोडी घाला आणि ढवळत 31-32 अंशांवर आणा (मिल्क चॉकलेट असेल तर 29-30). न वितळलेल्या तुकड्यांतले चांगले स्फटिक बाकीच्याला वळण लावतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, ताप मोजायचा इथे कामाचा नाही. सुरीच्या टोकाला थोडं लावून बघा: एसीत पाचेक मिनिटांत चमकदार गोठलं तर ओता.

ओला चमचा वापरू नका. दोन थेंब पाण्यानेही साखर चिकटून सगळ्याचा दाणेदार गोळा होतो. आणि मुंबईच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेली वडी लगेच उघडली की तिला घाम फुटतो, साखर विरघळून वर येते आणि वाळली की पांढरी दिसते. तुमचे पट्टे कशाचे, ते बोट घासून बघा. विरघळून गेले तर चरबीचे, खरखरीत राहिले तर साखरेचे.

सूप_आणि_पाखड: तक्त्यात आंबवणं विसरू नका, बहुतेक तक्त्यांत तेच गळतं. एका फळात साधारण 30-40 बिया, भोवती पांढरा गर. गरासकट पाच-सात दिवस आंबवल्याशिवाय चॉकलेटचा वास येतच नाही. मग उन्हात वाळवणं, भाजणं, टरफलं पाखडणं (हे सुपात करून दाखवा, मुलं खूश होतील) आणि दळणं. टरफलाआतल्या दाण्यात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते, म्हणून पीठ न होता पातळ लगदा होतो. घरच्या मिक्सरवर तो कितीही फिरवला तरी जिभेला रवाळच लागतो. दगडी वेट ग्राइंडर तासन्‌तास चालवावा लागतो.

इतिहासात तीन वर्षं पुरेत. मेक्सिकोत अझ्टेक लोक हे कडू पेय म्हणून प्यायचे, बिया नाण्यांसारख्या चालायच्या. 1828 मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोको बटर वेगळं निघू लागलं. ते जादा घातल्यावर लगदा साच्यात ओतता आला, आणि 1847 मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने वडी काढली. 1875 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी मिल्क चॉकलेट केलं. त्यांचीही अडचण पाणीच होती, दुधातलं! आटवलेल्या दुधाने ती सुटली.

दादर_पूर्व: बोट घासलं, पट्टे गेले. म्हणजे चरबीच. प्रात्यक्षिक कॉम्पाउंडने केलं तर चालेल?

साखरखाऊ: मुलांच्या हातात कॉम्पाउंडच द्या. शेजारी खऱ्याचा एकेक तुकडा ठेवा, चघळायला नाही, जिभेवर नुसता धरायला. खरं 34 अंशांच्या आसपास वितळून जातं, कॉम्पाउंडचा मेणासारखा थर टाळूला राहतो. कुणाला दुधाची किंवा सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे का, ते पालकांना आधी विचारा.