किती इंजिनिअर, किती शिक्षक लागतील हे गणिताने ठरवता येतं का?

त्रैराशिक:
माझ्या मते मनुष्यबळाचं गणिती नियोजन हा साठ वर्षं फसत आलेला उद्योग आहे. १९६२ साली टिनबर्गेन आणि कोरेआ या अर्थतज्ज्ञांनी देशाचं उत्पादन आणि शिकलेल्या लोकांची संख्या एकत्र बांधणारी समीकरणं मांडली. त्याच सुमारास ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेने स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तान वगैरे देशांसाठी असे हिशेब केले. उत्पादन इतकं वाढणार, त्याला इतके इंजिनिअर लागणार, म्हणून कॉलेजात आजच इतक्या जागा हव्यात. आपल्याकडच्या कोठारी शिक्षण आयोगानेही (१९६४-६६) १९८५-८६ पर्यंतचे अंदाज याच वाटेने बांधले. आणि अहवालाची शाई वाळते न वाळते तोच इंजिनिअर बेकार, प्रवेश कमी करायची पाळी!

एका इंजिनिअरमागे अमुक उत्पादन हे गुणोत्तर कायमचं धरायचं, इथेच घोळ आहे. तेच काम डिप्लोमावाला करतो, चांगला फिटरही करतो. २००९ च्या कौशल्य धोरणात तर २०२२ पर्यंत ५० कोटी लोक कुशल करायचे होते. २०१५ च्या धोरणाने स्वतःच सांगितलं की औपचारिक प्रशिक्षण घेतलेले कामगार जेमतेम ४.६९ टक्के आहेत. इतकी मोठी उडी कोणत्या समीकरणातून निघाली, हे कुणी दाखवावं.

अनुस्वार:
५० कोटी ही घोषणा होती. तिचं खापर मॉडेलवर कशाला?

कोठारींचं उदाहरण मात्र चांगलं काढलंत, कारण त्यातून उलटंच दिसतं. आयोगाने राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास धरा. आता वीस वर्षांचं चक्रवाढ करा: ६ टक्क्यांनी उत्पन्न ३.२ पट होतं, साडेतीनने दुप्पट. तुमचं ते बदनाम गुणोत्तर अगदी अचूक असतं, तरी गरजेचा अंदाज दीडपटीहून जास्त फुगलाच असता. १९६५ आणि १९६६ चे लागोपाठ दुष्काळ, मग तीन वर्षं पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी. हे अंकगणिताचं पाप नव्हे.

त्रैराशिक:
मग मी वेगळं काय म्हणतोय? वीस वर्षांनंतरचा विकासदर ज्याला कळतो त्याने इंजिनिअर मोजत बसू नये, शेअर घ्यावेत.

डीएड_२००८:
इंजिनिअरचं राहू द्या. शिक्षकांच्या बाबतीत भविष्य सांगावंच लागत नाही. सहा वर्षांनी पहिलीत येणारी मुलं आज जन्मलेली आहेत. कोणता शिक्षक कधी ५८ चा होणार हे सेवापुस्तकात लिहिलंय. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण प्राथमिकसाठी कायद्यात आहे. समजा राज्यात ३ लाख शिक्षक आहेत आणि प्रत्येकाची नोकरी तीसेक वर्षांची. म्हणजे वर्षाला सुमारे १० हजार जागा रिकाम्या होणार, बस. आधीचा अनुशेष भरायला चार-पाच वर्षं जास्त लोक लागतात हे खरं. पण त्या चार-पाच वर्षांसाठी काढलेली शेकडो डी.एड. कॉलेजं अनुशेष संपला म्हणून बंद होत नाहीत, ती दरवर्षी तितकीच मुलं बाहेर सोडत राहतात. साठा आणि प्रवाह यातला हा फरक दहावीच्या मुलालाही समजावता येतो. परवानग्या देणाऱ्यांना कुणी समजावला नाही, किंवा त्यांना समजून घ्यायचा नव्हता. २०१२ नंतर भरती थंडावली तेव्हा आमच्या बॅचचे निम्मे अजून तासिका तत्त्वावर होते.

बाजारबुणगे:
दादा, तुमचं दुःख कळतं, पण यावर उपाय आणखी एक सरकारी गणित? जागा किती हे मागणीवर सोडा. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं तेव्हा कुठला तक्ता पाहिला होता? तरी पुढे पुण्याच्या आयटीला माणसं मिळालीच ना. पगार वाढला की मुलं येतात, पडला की जातात.

अनुस्वार:
येतात, पण चार वर्षांनी. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकात अमेरिकी इंजिनिअरांवर नेमकं हेच दाखवलं. आजचा पगार पाहून प्रवेश घेतले जातात, चार वर्षांनी सगळे एकदम बाजारात उतरतात, पगार पडतो, मग पुढची मुलं पाठ फिरवतात, पुन्हा तुटवडा. कांद्याचं जसं होतं तसंच. सीईटीनंतरच्या फेऱ्यांत एके वर्षी सिव्हिल ओस आणि कॉम्प्युटरला झुंबड, हे त्याचंच रूप. बाजारही अंदाजच बांधतो, फक्त तो लिहून ठेवत नाही.

त्रैराशिक:
शिक्षकांपुरतं मान्य करतो. पण डीएड, तुमच्याही हिशेबात एक भोक आहे. मुलं जन्मली हे खरं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत येतील हे कशावरून? निम्मा गाव तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसला तर तुमचा पट गेला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद गेलं, शिक्षक अतिरिक्त ठरला.

डीएड_२००८:
त्या इंग्रजी शाळेत शिकवायला कुणी लागतच नाही का? मुलाला शिक्षक लागतोच, फक्त पगार कोण देणार ते बदलतं. आणि संचमान्यता दरवर्षी होतेच, म्हणजे कुठे किती पट घसरला हे खात्याकडे शाळावार असतं. तो आकडा अध्यापक विद्यालयांची प्रवेशक्षमता ठरवणाऱ्या टेबलावर का जात नाही, एवढंच मला विचारायचंय. विकासदर नको, टिनबर्गेन नको, एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत न्या.

बाजारबुणगे:
दोन खोल्यांत मंत्रालय आणि दिल्ली आहे. राज्य भरती थांबवतं आणि कॉलेजला मान्यता दिल्लीची एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, देते. घ्या, आता हे चल समीकरणात.