बीच झाडांच्या जंगलात गोगलगायी मोजतोय, 9 च जाती मिळाल्या. कुठे चुकतंय?

लातूरचा_येनात: नमस्कार मंडळी, मी जर्मनीत येनाला मास्टर्स करतोय, प्रोजेक्ट हाइनिख नॅशनल पार्कमधल्या गोगलगायींच्या सर्वेचा आहे, परमिट वगैरे सगळं झालंय. 12 प्लॉट आहेत, प्रत्येकात तासभर पाला उलटून आणि लाकडं उचलून बघतो. दोन वीकेंड गेले आणि हाताला फक्त 9 जाती. आमच्याकडे शंखी गोगलगाय सोयाबीन फस्त करते ती न शोधता पायाखाली येते, इथे गुडघे सोलून निघाले तरी काही नाही. काय करू?

चाळणीवाली: तुम्ही डोळ्यांना दिसतात तेवढ्याच वेचताय. अशा जंगलातल्या कितीतरी जाती 5 मिमीच्या आतल्या असतात, पुंक्टुम पिग्मेउम तर जेमतेम दीड मिमी, ती हाताने सापडतच नाही. प्रत्येक प्लॉटमधून 5 लिटर पाला खालच्या भुसभुशीत मातीसकट घ्या, पण कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये सगळं कुजतं, माझी अख्खी बॅच गेलीये तशी. कागदावर पसरून वाळवा, मग 10, 2 आणि अर्ध्या मिमीच्या चाळणीतून काढा आणि अर्ध्या मिमीच्या चाळणीवर राहिलेला चुरा चमचा चमचा घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा. एका पिशवीला दिवस जातो, पण जाती तिथेच आहेत हो! आणि रिकामे शंख वेगळे मोजा, चुनखडीच्या मातीत ते वर्षानुवर्षं टिकतात, म्हणजे ती जात आज तिथे जिवंत असेलच असं नाही.

रानवाट: प्लॉट सपाटीवर आहेत का? हाइनिखखाली मुशेलकाल्क आहे, साधारण 24 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला चुनखडक, पण सपाटीला त्यावर लोएसची, म्हणजे वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीची चादर आहे आणि तिचा वरचा थर आम्ल होत जातो. शंख बांधायला कॅल्शियम लागतं त्यामुळे तिथे जाती कमीच. उतारावर दगड उघडा पडलाय तिथे, अ‍ॅश-मेपलच्या बुंध्याशी, जुन्या ओंडक्यांलगत बघा. जुने प्लॉट मात्र काढू नका, कमी जाती मिळणं हाही डेटाच आहे, नवे 3-4 वाढवा.

आणि पाऊस पडून गेल्यावर रात्री टॉर्च घेऊन बीचच्या खोडांवर बघाच, क्लाउसिलिया कुळातल्या गोगलगायी चढलेल्या असतात. टोक वर धरलं की शंखाचं तोंड डावीकडे येतं. आपल्याकडे दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ म्हणून पुजतात तोही असाच उलटा, इथे मात्र जवळपास पूर्ण कुळच तसं.

लातूरचा_येनात: 12 पैकी 8 सपाटीवरच आहेत! काल उतारावरची एक पिशवी चाळली, 6 नव्या जाती निघाल्या, त्यातली एक खसखशीपेक्षा जराशीच मोठी. बाकीच्या पिशव्या वाळत घातल्यात, रूममेट वैतागलाय.

चाळणीवाली: वा! लेबलवर तारीख आणि प्लॉट नंबर पेन्सिलनेच लिहा, शाई ओलाव्याने पसरते.