फलाटावरच्या दशम्या : जवानांच्या गाड्यांना जेवू घालणाऱ्यांच्या आठवणी

१९६५च्या सप्टेंबरात आणि पुन्हा १९७१च्या डिसेंबरात सीमेकडे निघालेल्या जवानांना स्टेशनावर चहा-जेवण देणारी माणसं आपल्याच घरांतली होती. त्यांचा सत्कार कुणी केला नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर नक्की लिहा. सुरुवात मी करतो.

माझी आजी मनमाडची. नगरला रणगाड्यांचं केंद्र, देवळालीला तोफखान्याचं, त्यामुळे मिलिटरी स्पेशल मनमाडवरून जायच्या. वेळ गुप्त असे. इंजिन पाणी घेईपर्यंत काय द्यायचं ते द्यायचं. वाड्यातल्या बायका दुधात पीठ भिजवून दशम्या करत, कारण प्रवास पंजाबपर्यंतचा आणि साधी पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते. सोबत लसणाची चटणी. एकदा एका जवानाने खिडकीतून पोस्टकार्ड दिलं, टाकायला. मजकूर तमिळ की तेलुगू, वाड्यात कुणालाच वाचता येईना. आजी म्हातारपणीही विचारायची, "पोचलं असेल ना रे ते?"

*

आमच्याकडे शास्त्रीजींनी सांगितल्यापासून सोमवारी रात्री चूल पेटत नसे. आई ते गहू बाजूला काढायची आणि गाडी येणार असं कानावर आलं की त्याच्या पुऱ्या तळायची.

*

१९६२चं चाललं तर? शाळेत आम्हा मुलींना खाकी लोकर मिळाली होती. माझा पहिला मोजा टाचेत चुकला. बाईंनी रात्री जागून तो उसवला आणि पुन्हा विणला. थंडीत बोचेल म्हणाल्या.

*

मी त्या गाडीत होतो. १९७१, वय एकवीस. रात्री गाडी थांबली, दिवे मालवलेले, स्टेशनची पाटीही दिसेना. एका बाईंनी पितळी डबा हातात दिला. "खा बाळा, डबा दे परत," म्हणाल्या आणि तेवढ्यात गाडी हलली. त्या फलाटावरून चालत राहिल्या, मग हात वर करून म्हणाल्या, "राहू दे!"

उजाडल्यावर पाहिलं. झाकणावर कोरलं होतं : 'ताईस भाऊबीज, १९६४'. ना नाव, ना गाव. सुट्टीवर येताना दोनदा त्या मार्गावरच्या स्टेशनांवर चौकशी केली. डबा अजून माझ्याकडेच आहे. कुणाच्या आईचा, आजीचा असेल तर कृपया सांगा, मी स्वतः घेऊन येईन.