इराणमधे निवडणुका होतात, मग सगळ्यांच्या वर तो 'सर्वोच्च नेता' आला कुठून?

खडूस_कोल्हापूरकर:
मंडळी, एक बेसिक डाउट आहे, हसू नका. इराणात राष्ट्राध्यक्ष लोकं निवडून देतात, संसद आहे, बायका पण मतदान करतात, मग त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक धर्मगुरू बसवायची आयडिया नक्की कुणाची? ऑफिसात एकजण डबा खाताना ठासून सांगत होता की हे धर्मातच लिहिलंय, चौदाशे वर्षं असंच चाललंय. मला काही पटेना पण उत्तरही सुचेना. व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.

वाचनवेडी:
चौदाशे कसली, पन्नास-पंचावन्न धरा. खोमेनी म्हणजे १९७९ च्या इराणी क्रांतीचे धर्मगुरू नेते. त्यांना तेव्हाच्या राजाने, शहाने, १९६४ मधे देशाबाहेर काढलं, आधी तुर्कस्तान, मग इराकमधलं नजफ, आणि तिथे १९७० च्या सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानं दिली ती 'विलायत-ए-फकीह' वर, म्हणजे फकीहचं, धर्मशास्त्र जाणणाऱ्याचं, पालकत्व. शियांचा बारावा इमाम, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातला शेवटचा धर्मप्रमुख, नवव्या शतकापासून अदृश्य आहे अशी श्रद्धा, मग तो परत येईपर्यंत कारभार कोणी बघायचा हा जुना घोळ. बऱ्याच जुन्या पंडितांचं म्हणणं, फकीहने अनाथ मुलं, बेवारस मालमत्ता एवढंच बघावं, गादी नको. खोमेनी म्हणाले, पोरक्या पोराचा पालक होता येतं तर देशाचा का नाही?

नियमावर_बोट:
छोटी दुरुस्ती, नराकी नावाच्या पंडिताने एकोणिसाव्या शतकातच फकीहचे अधिकार बरेच ताणले होते. पण राज्यघटनेत घातलं ते १९७९ ला, आणि गंमत म्हणजे घटनेच्या पहिल्या मसुद्यात हे पद नव्हतंच! नंतर निवडून आलेल्या घटना समितीत मौलवींचं बहुमत झालं आणि पद आत घुसलं.
बाकी रचना म्हणजे निव्वळ गोल गोल राणी. नेत्याला निवडतं ८८ जणांचं तज्ज्ञ मंडळ, ते लोकं निवडून देतात, पण उभं कोणी राहायचं ते ठरवतं १२ जणांचं पालक मंडळ, आणि त्यातले ६ नेमतो कोण, तर नेताच.

डोंगरीचा_बाळ्या:
मी पुस्तकातलं नाही सांगत. डोंगरीत वाढलो, निळ्या टाइल्सवाली इराण्यांची मुघल मशीद आमच्या जवळच. शेजारच्या शिया खाला नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, 'तकलीद किसकी करते हो?' म्हणजे तू कुठल्या आयातुल्लाचं, मोठ्या शिया धर्मपंडिताचं, मानतोस, कारण तो ज्याने त्याने आपला निवडायचा. खालांचे नजफचे सिस्तानी. कोळंबी चालते, खेकडा नाही, सगळं त्यांच्या पुस्तिकेत बघून. वर्षाचा खर्च जाऊन उरलेल्या उत्पन्नातला जो पाचवा हिस्सा, खुम्स, तोही त्यांच्याच माणसाकडे जायचा, म्हणून नजफवाले सरकारच्या ताटाखालचं मांजर झाले नाहीत. सिस्तानी जन्माने इराणी, पण स्वतः राज्य करायच्या भानगडीत पडले नाहीत. मात्र २००३ मधे इराक ताब्यात घेतल्यावर अमेरिका आपण नेमलेल्या माणसांकडून इराकची घटना लिहून घ्यायला निघाली तेव्हा फतवा काढला, निवडून आलेलेच लिहितील. शेवटी २००५ ला मतदान झालंच.

चहाचा_दुसरा_कप:
हे सगळं पुस्तकी. शेवटी तेल आणि बंदूक, बाकी सजावट.

वाचनवेडी:
@चहाचा_दुसरा_कप सजावट असती तर एवढा खटाटोप केला नसता हो. १९८८ च्या जानेवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खामेनेई जुम्म्याच्या भाषणात म्हणाले की सरकार शरियतच्या चौकटीतच चालतं, तर खोमेनींनी जाहीर पत्र लिहून झापलं, राज्य हा पहिला हुकूम, नमाज-रोजा-हजच्याही वर! वारस ठरलेले होते मोंतजेरी, मोठे विद्वान, पण १९८८ ला तुरुंगातल्या कैद्यांना फाशी दिली त्यावर बोलले म्हणून १९८९ च्या मार्चमधे घरी. जूनमधे खोमेनी गेले, दुसऱ्या दिवशी खामेनेईंची निवड. घटनेप्रमाणे नेता 'मर्जा' म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पंडित हवा, ते तर हुज्जतुल इस्लाम, बरेच खालच्या पायरीचे. मग जुलैत घटनाच बदलली. आधी नवरदेव बोहल्यावर, मग पत्रिका.

नियमावर_बोट:
+१, आणि त्याच दुरुस्तीत पंतप्रधानपद पण उडवलं.
अवांतर: लेबनॉनच्या हिजबुल्लाने, म्हणजे तिथल्या शिया सशस्त्र संघटनेने, १९८५ च्या जाहीरनाम्यात हाच फकीह आपला नेता म्हणून लिहिलाय. म्हणजे मतदान इराणात, पण हुकूम मानणारे सीमेपलीकडे. तिथल्या लढाया कळायच्या तर हे धरूनच चालावं लागतं.

खडूस_कोल्हापूरकर:
बाबौ. धन्यवाद सगळ्यांना. उद्या डब्याच्या वेळी 'पहिल्या मसुद्यात हे पद नव्हतंच' एवढं एकच वाक्य टाकणार आणि गप जेवणार. @बाळ्या, खेकडा का नाही ते पण सांग, आमच्याकडे तर रस्सा असतो.